गाणाऱ्याला कुठे उभं करायचं?

"दादा, एको जरा वाढवा ना." माईकवर बोट आपटून म्हटलेलं हे वाक्य मी अंधेरीत सोसायटीच्या गच्चीवरच्या कोजागिरीला ऐकलं आहे, घाटकोपरला भजनाच्या मंडपात ऐकलं आहे, मुलुंडच्या नाट्यगृहात आणि बोरिवलीच्या मैदानातही ऐकलं आहे. चारही ठिकाणी मागणाऱ्याला हवं असतं ते वेगळं. गच्चीवरच्या हौशी गायकाला आपला आवाज उघडा पडल्यासारखा वाटतो, त्यावर पांघरूण हवं असतं. बुवांना गजराला गाभाऱ्याचा भार हवा असतो. भावगीत गाणारीला दोन ओळींमधली जागा रिकामी वाटते. मैदानातल्या गायिकेला हजारो माणसांच्या डोक्यांवरून जाणारा मोठेपणा हवा असतो. आणि साऊंडवाला बहुतेक वेळा चौघांसाठी एकच नॉब उजवीकडे फिरवतो.

मुंबईच्या पश्चिम आणि मध्य उपनगरांत वर्षभर जेवढं गाणं माईकवरून गायलं जातं, तेवढं क्वचितच कुठे गायलं जात असेल. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, कोजागिरी, हळदी, सत्यनारायण, ज्येष्ठ नागरिक संघांच्या सकाळच्या मैफली, कराओके मंडळं. या सगळ्यात गाणाऱ्याच्या आवाजावर चढवल्या जाणाऱ्या रिव्हर्ब आणि डिलेचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. माझ्या मते तो सर्वांत आधी व्हायला हवा, कारण ऐकणाऱ्यापासून गाणारा किती लांब उभा आहे, हे या दोन गोष्टी ठरवतात.

आधी शब्द मोकळे करून घेऊ. आपल्याकडे 'एको' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक घुमारा, म्हणजे रिव्हर्ब: भिंती, छत, जमीन यांवरून परतलेले हजारो आवाज एकमेकांत मिसळून स्वरामागे तयार होणारी शेपटी. दुसरा पडसाद, म्हणजे डिले: तोच आवाज ठरावीक वेळानं, वेगळा ओळखू येईल असा पुन्हा ऐकू येणं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. मूळ आवाजामागून ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलेली प्रत कानाला वेगळी वाटत नाही, ती मूळ आवाजात विरघळून त्याला जाड करते. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे बोललेल्या शब्दांवर प्रयोग करून दाखवलं. त्यापुढे गेलं की प्रत सुटी होऊ लागते आणि शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे ती स्पष्ट पडसाद बनते. घुमारा मोजण्याची रीत त्याहून जुनी. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका वाईट व्याख्यानगृहावर काम करत ती बसवली. आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ, हे तिचं माप. भाषण आणि नाटकाला एक सेकंदाच्या आसपासचा घुमारा पुरतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मोठ्या सभागृहांत तो दोन सेकंदांच्या जवळ ठेवतात.

पण ही नुसती मापं झाली. घुमारा म्हणजे अंतर, हे मला समजलं ते मालाडच्या एका गाण्यामुळे. बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता आणि त्यांचा 'महल' १९४९ मध्ये आला. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येत जातो. हे कुठल्या यंत्रानं केलेलं नव्हतं. माईक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि आपण कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आलो, असं लता मंगेशकरांनी मुलाखतीत सांगितलं आहे. कोपऱ्यात असताना माईकला थेट आवाज कमी आणि खोलीचा घुमारा जास्त मिळतो. जवळ येताना थेट आवाज वाढत जातो, घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून आपला कान अंतर ओळखतो. आजचा मिक्सर हेच प्रमाण एका फेडरवर आणून देतो. फेडर वर सरकवला की गाणारी चार पावलं मागे जाते, खाली आणला की पुढे येते. म्हणून 'एको वाढवा' या मागणीचा खरा अर्थ 'मला मागे उभं करा' असा होतो, आणि मागणाऱ्याला बहुतेक वेळा ते नकोच असतं.

यंत्रांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेत बिल पटनम यांनी १९४७ मध्ये न्हाणीघरात स्पीकर आणि माईक ठेवून एका रेकॉर्डला घुमारा दिला. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीनं ताणून टांगलेल्या पोलादी पत्र्याचं यंत्र आणलं. घुमारा सुरेख, पण ते उचलायला चार-पाच माणसं लागत. दौऱ्यावर न्यायची ती वस्तू नव्हती. रंगमंचावर आधी पोचला तो पडसाद, टेपच्या फिरत्या पट्टीवर ध्वनिमुद्रित होऊन लगेच वाजणारा. रोलँडचं स्पेस एको १९७४ चं. ईएमटीचा डिजिटल रिव्हर्ब १९७६ चा, लेक्सिकॉनचा १९७८ चा, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यामाहाचा एसपीएक्स ९० आला तेव्हा डिजिटल घुमारा टेम्पोत टाकून नेण्याजोगा स्वस्त आणि हलका झाला. २०१२ मध्ये आलेल्या बेहरिंगर एक्स ३२ सारख्या डिजिटल मिक्सरमध्ये आठ इफेक्ट पोटातच असतात. आता तर हातात मावणाऱ्या कराओके मिक्सरलाही 'एको' लिहिलेला नॉब असतो. साधन मिळण्याची अडचण संपली आणि ते कुठे थांबवायचं ही अडचण सुरू झाली.

आता आपल्या जागा. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह विलेपार्ल्याला, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह बोरिवलीला, महाकवी कालिदास नाट्यमंदिर मुलुंडला. नाटकाची ही घरं शब्दासाठी बांधलेली. गादीच्या खुर्च्या, पडदे, माणसं हे सगळं आवाज पिऊन घेतं. तिथे गाणाऱ्याला आपला आवाज कोरडा वाटतो आणि तो घुमारा मागतो, ते रास्तही असतं. पण उपनगरातलं निम्मं गाणं नाट्यगृहात होतच नाही. ते होतं लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या सभागृहात, समाजमंदिरात. खाली चकचकीत लादी, चारही बाजूंना रंगवलेल्या भिंती, वर सपाट स्लॅब. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच असा एक हॉल डोळ्यांसमोर आणा. सॅबिनच्या सूत्रानं, सगळे पृष्ठभाग सरासरी चार टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर रिकाम्या हॉलचा घुमारा सहा सेकंदांवर जातो. दोनशे माणसं येऊन बसली की तोच दीड सेकंदावर येतो. दुपारी चार वाजता साऊंड चेक होतो सहा सेकंदांच्या गुहेत आणि कार्यक्रम होतो दीड सेकंदाच्या खोलीत. दुपारी ज्यानं 'हॉलच घुमतोय' म्हणून रिव्हर्ब पूर्ण बंद केला त्याला संध्याकाळी थोडा द्यावा लागतो. ज्यानं दुपारी काहीच ऐकलं नाही तो मात्र गेल्या कार्यक्रमाचा आकडा तसाच ठेवतो. खोलीचा दीड आणि यंत्राचा अडीच सेकंद घुमारा एकमेकांवर चढला की शब्दांचं पीठ होतं.

माझ्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांच्या श्रद्धांजली सभेत असंच झालं होतं. हॉल असाच लादीचा. भजन संपलं, बोलणारे उभे राहिले आणि माईकवरचा घुमारा कुणी बंदच केला नाही. पुढची चाळीस मिनिटं माणसं आठवणी सांगत होती, आणि मागच्या चार रांगांत बसलेल्या त्यांच्या वयाच्या मित्रांपर्यंत एकही आठवण पोचली नाही. इफेक्ट बंद करण्याचं एक बटण असतं. गाणं संपलं की ते दाबायचं आणि पुढचं गाणं सुरू होताना सोडायचं, हे मला या सगळ्या कलेतलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं.

मागच्या रांगांतल्या कानांचा विषय इथेच बोलायला हवा. वय वाढतं तसं घुमाऱ्यातून शब्द वेगळे काढण्याची कानाची ताकद कमी होते. श्रवणयंत्र लावलेल्यांना तर खोलीचा घुमारा फार जड जातो. उपनगरातल्या जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांना निम्मं सभागृह साठीच्या पुढचं असतं. मंचावरच्या पंचविशीतल्या गायकाला आणि तिशीतल्या साऊंडवाल्याला जो घुमारा सुखद वाटतो, तो समोर बसलेल्या पंचाहत्तरीच्या आजींपर्यंत पोचणारे शब्द खाऊन टाकतो. त्या आजी तक्रार करत नाहीत. 'हल्लीची मुलं स्पष्ट गात नाहीत' एवढंच घरी जाऊन म्हणतात.

मैदानाचं गणित उलटं. मोकळ्यावर भिंत नाही, छत नाही, आवाज गेला तो गेला. पण उपनगरातलं मैदान खरोखर मोकळं राहिलेलं नाही, त्याच्याभोवती टॉवर आहेत. स्पीकरपासून पन्नास मीटरवर समोर इमारत असेल तर मंचाजवळच्या माणसाला तिच्यावरून परतलेला आवाज जवळजवळ २९० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. गरब्याची लय मिनिटाला १०४ ठोके असेल तर अर्ध्या ठोक्याचा वेळ २८८ मिलिसेकंद येतो, म्हणजे इमारत अर्ध्या ठोक्यावर टाळी देते. लय जरा चढली की तीच टाळी ठोक्याच्या जरा मागे पडायला लागते. गायिका फाल्गुनी पाठक यांच्या गरब्यामुळे बोरिवलीचं मैदान नवरात्रात गजबजलं आहे; अशा कुठल्याही मैदानावर इमारतीचा हा न मागितलेला डिले आधी ऐकून घ्यावा लागतो आणि मग स्वतःचा डिले ठोक्यावर बांधावा लागतो. गरब्यात ते शक्य असतं, कारण लय पक्की असते. साठ हजाराला मिनिटाच्या ठोक्यांनी भागायचं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. बहुतेक मिक्सरवर लयीत बटण दाबूनही हेच साधतं. लयीत बसलेला पडसाद ढोलाच्या ठोक्याआड लपतो, म्हणून तो ऐकू न येता जाणवतो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, वर्षातल्या मोजक्या सवलतीच्या दिवसांना बारापर्यंत, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, हे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. आवाज वाढवण्यावर बंधन असताना मोठेपणा अशा पडसादातून आणणं हा गायिकेच्या आणि शेजारच्या इमारतीतल्या झोपाळू बाळाच्याही हिताचा मार्ग आहे.

गणेशोत्सवातल्या गल्लीचा दोष आणखी निराळा. गल्लीभर खांबाखांबावर भोंगे बांधतात आणि सगळ्यांना एकाच क्षणी आवाज जातो. दुसऱ्या भोंग्याखाली उभं राहिलं की तिथला आवाज आधी पोचतो आणि ३५ मीटर मागच्या पहिल्या भोंग्याचा शंभर मिलिसेकंदांनंतर. आरतीतल्या टाळांची त्यात फक्त खळखळ उरते. इथे हवा तो डिले गाण्यावर नाही, पुढच्या भोंग्यांच्या वाटेवर: पहिल्या भोंग्यापासून जितकं अंतर तितका उशीर. मोठ्या मैदानांवर हे सर्रास करतात. गल्लीत कुणी करताना मला दिसलेलं नाही.

आता गाण्याचे प्रकार. खरा वाद इथे आहे. रागसंगीत गाणाऱ्यांपैकी बरेच जण यंत्राच्या घुमाऱ्याला हात जोडतात, आणि त्याला कारण आहे. दोन तानपुरे जवारी उघडून लावले की गायकाच्या पाठीमागे घुमारा आधीच उभा असतो. स्वर संपल्यावर मागे राहते ती 'आस' आपल्या कानाला तिथूनच मिळते. द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर पडत असतील आणि घुमारा दोन सेकंदांचा असेल, तर पहिला स्वर विरायच्या आत त्याच्यावर आणखी पंधरा स्वर येऊन बसतात. दाणेदार तान घडवण्यात घालवलेली वीस वर्षं त्या चिखलात जातात. मींडेचंही तेच. गळा निषादावरून षड्जावर सरकलेला असतो, पण घुमाऱ्यात निषाद अजून लोंबकळत असतो. डिलेचा तर प्रश्नच येत नाही, विलंबित लय श्वासासारखी हलते आणि यंत्राचे मिलिसेकंद हलत नाहीत. तरीही पूर्ण कोरड्या सभागृहात आलापापुरता, शब्दही न झाकणारा हलका घुमारा मी ऐकला आहे आणि तो वाईट वाटला नाही. म्हणून सरसकट नकार मला पटत नाही. तान सुरू झाली की बोट फेडरवर असणारा माणूस हवा, एवढंच.

भावगीत वाढलं रेडिओवर. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घराघरांत गेलं, ते सुधीर फडक्यांच्या स्वररचनांत, शब्दाशब्दाला जपणाऱ्या उच्चारांनी. त्या पिढीच्या कानाला गाणारा जवळ बसलेला हवा असतो, पाटाला पाट लावून. मराठी शब्दांची घडणही इथे बोलते. स, श, च, छ, झ या वर्णांची सळसळ वरच्या पट्टीत असते आणि चमकदार घुमारा ती पकडून पसरवतो. 'सांज' किंवा 'चांदणं' म्हटलं की मागे फुत्कार उरतो. उपाय जुना आणि साधा आहे. घुमाऱ्याच्या परतीच्या वाटेवर खालचा गडगडाट आणि वरची सळसळ दोन्ही छाटायची, पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं काही जाऊच द्यायचं नाही. दुसरा उपाय म्हणजे घुमारा सुरू व्हायला चाळीस-पन्नास मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. तेवढ्यात व्यंजन कानात पोचतं, मग मागून घुमारा येतो. शब्द पुढे आणि जागा मागे, असं दोन्ही साधतं. भावगीतासाठी मी तरी दीड सेकंदावर जाणार नाही.

कोकणातल्या चाकरमान्यांनी उपनगरांत आणलेली डबलबारी हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रकार. दोन बुवा, दोन मंडळं, आणि एकानं टाकलेल्या कोड्याला दुसऱ्यानं गाऊन दिलेलं उत्तर. इथे शब्द म्हणजे वाद आहे. समोरच्या बुवांनी काय विचारलं ते ऐकूच आलं नाही तर उत्तर कसलं देणार? आणि नेमका याच कार्यक्रमात एको सर्वांत जास्त असतो. गजराला तो शोभतो हे मान्य. पखवाज चढला, टाळ घुमले, मंडळी उभी राहिली की तो भार हवासा वाटतो. मग गजराला द्यावा आणि सवालाला काढावा. डिजिटल मिक्सरवर दोन्ही जुळण्या आधी साठवून ठेवल्या की हे एका बटणाचं काम आहे. अशोक हांडे यांच्या 'मराठी बाणा'सारख्या, एकाच संध्याकाळी निरनिराळे गानप्रकार पाठोपाठ मांडणाऱ्या कार्यक्रमांनाही हीच वाट सोयीची. जात्यावरची ओवी घरात गायली जाते, ती कोरडीच हवी. पोवाडा मोकळ्यावरचा, त्याला एकच तुटक पडसाद पुरतो. अभंगाला मंडप हवा.

राहिली कराओके मंडळं, गेल्या काही वर्षांत उपनगरांत सर्वांत वेगानं वाढलेली जागा. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माईक हातात घेणारी ही माणसं मनापासून गातात, त्यांचा एको मागण्याचा हक्क मला मान्य आहे. अडचण अशी की ट्रॅकमधल्या वाद्यांवर आधीच घुमारा चढलेला असतो. त्यावर गळ्याचा वेगळा, लांब एको आला की गाणारा वाद्यांच्या खोलीत न बसता शेजारच्या न्हाणीघरात बसल्यासारखा ऐकू येतो. शिवाय पडसाद रेंगाळत राहिले की गाणाऱ्याला लय कुठे आहे ते कळत नाही आणि तो मागे पडत जातो. इथे शंभर मिलिसेकंदांच्या आसपासचा एकच पडसाद, रिपीट जवळपास शून्यावर, आणि अगदी थोडा छोट्या खोलीचा घुमारा द्यावा. गळा जाड होतो, चूक थोडी झाकली जाते, लय सुटत नाही. गाणाऱ्याचा धीर मुळात मॉनिटरमधल्या, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधल्या, आवाजावर अवलंबून असतो, म्हणून त्याच्या मॉनिटरमध्ये घुमारा जरा जास्त द्यावा आणि सभागृहात कमी. मात्र मॉनिटरमधला घुमारा परत माईकमध्ये शिरून शिट्टी वाजायला वेळ लागत नाही, म्हणून तो देताना कान उघडे ठेवावे लागतात. कानात घालायचे मॉनिटर वापरणाऱ्यांचा प्रश्न उलटा: सभागृहाचा आवाज पूर्ण बंद झाल्यानं त्यांना आपला गळा लाकडी वाटतो, आणि घुमाऱ्याशिवाय ते जोर लावून गायला लागतात.

घुमारा स्वराला काय देतो आणि शब्दाचं काय करतो, हे यंत्राशिवायही ऐकता येतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आहे. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी गेलं आणि आत उभं राहून एक षड्ज लावला, की वरच्या कमानीतून तो आपल्याकडे परत येतो. त्या स्वरात शब्द मिसळून पाहावा. लावलेला स्वर सुंदर होतो आणि बोललेला शब्द हरवतो. कार्यक्रमापूर्वी हे सगळं पाहायला महागडं यंत्र लागत नाही. माझ्या ओळखीचे एक साऊंडवाले आहेत, मुलुंडचे. हॉलमध्ये शिरल्यावर केबल उघडण्याआधी ते मधोमध उभे राहून एक टाळी वाजवतात आणि टाळीची शेपटी विरेपर्यंत मान खाली घालून ऐकतात. मग खुर्च्या किती लागणार आहेत ते विचारतात. मग गाणारं कोण आहे ते. आणि त्यानंतर मिक्सर लावतात.